सगळे उलट चालले होते

९ ऑक्टोबर, पहाटे ५.२०
पदयात्रेचा सहावा दिवस. आज एकवीस किलोमीटर. तासाला तीन, जेवणाला अर्धा तास, दुपारी दीडला पुढच्या यात्रीनिवासात हजर. तेहेतीस वर्षं गाड्यांची वेळापत्रकं केली. दोन माणसांचं ते काय!

५.५०
निघायच्या तोंडावर यांनी विचारलं, आज मी एकटा चालू का. कपाळाला हात लावून पाहिला. ताप नाही. कारण विचारलं, तर म्हणे थोडं गप्प चालावंसं वाटतं. मी म्हटलं, मग चाला की गप्प, बोलायचं काम मी करतेच आहे. एकटं सोडायला साफ नकार दिला. गेल्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झालेला माणूस, दाढीचं ब्लेड आणायला गेला तरी तासाने उगवतो. हरवला तर मुलीला काय तोंड दाखवू? दोघांचे फोन माझ्या पिशवीत ठेवले. यांच्या हातात फोन दिला की बॅटरी ढगांच्या फोटोंत संपते.

९.१०
सातच किलोमीटर झाले. पन्नास मिनिटं लेट. सर्वस्वी यांच्यामुळे. दर वळणावर थांबतात. का, तर माझ्यासाठी. मी काही थांबा म्हटलेलं नाही.

दुपारी १२.३५
बारा किलोमीटर. वाटेवरच्या चहाच्या दुकानात जेवलो. हे टाचेच्या फोडाला पट्टी लावत बसले. लेट भरून काढायचा होता, म्हणून मी पुढे होते, असं सांगून निघाले. पुढच्या दारात गर्दी, म्हणून मागच्या दाराने. बाहेर पडून उजवीकडे वळायचं, हे आत शिरतानाच पाहून ठेवलं होतं. उजवीकडे वळले. कामाची शिस्त अशी असते.

१.५०
उत्तम वेग. एकटीने चालायची मजा काही और. हे मागे आहेत, येतील सावकाश.
तक्रार: सकाळी प्रत्येक दगडावर निळा बाण होता. आता तासभरात एक नाही. दगडाच्या मागच्या बाजूला मात्र रंगवलेत. येणाऱ्याला दिसायला नकोत, एवढीच काळजी घेतलेली दिसते. समितीला पत्र लिहिणार.

२.४०
आणखी एक प्रकार. समोरून माणसंच माणसं येताहेत. एकूण एक उलट चाललेत. अकरा जणांना थांबवून सांगितलं. एक दाढीवाला म्हणाला, आजी, तुम्ही सावलीत बसा जरा. शिकलेली माणसंही ऐकत नाहीत.

३.१५
अखेर दोघांनी ऐकलं. एक टोपीवाली बाई आणि तिचा थोरला भाऊ. यात्रेचा त्यांचा पहिलाच दिवस, त्यामुळे शिकायची वृत्ती शाबूत आहे. बाई म्हणाली, तुमच्या आवाजावरूनच वाटलं, तुम्हाला माहीत असणार. दोघांना माझ्यामागे वळवलं. भाऊ सारखा कुरकुरतो, हा पूल आत्ताच ओलांडला आपण. त्याला समजावलं, सरकारी पूल एकाच नकाशावरून बांधतात.
सकाळीही ऊन पाठीवर होतं, आताही पाठीवरच. वाट आखणाऱ्याचं एवढं एक कौतुक.

४.५०
पोहोचलो. यात्रीनिवास कालच्यासारखंच. तेच हिरवं फाटक, तोच तुटका नळ. व्यवस्थापक बाईसुद्धा तीच.
तिने विचारलं, मावशी, काही विसरलात का?
मी म्हटलं, नाही.
टोपीवालीने भावाच्या हातातून आपली पिशवी घेतली आणि बाकावर बसून बूट काढायला लागली. भाऊ मात्र बोलला. बराच वेळ. त्यातलं इथे लिहिण्यासारखं काही नाही. दुकानाला दोन दारं ठेवणारा दुकानदार याला जबाबदार आहे, हे त्याला पटवून द्यायचा प्रयत्न केला.
हे अजून त्या दुकानात फोड धरून बसले असणार. किंवा रानात भलतीकडे. फोन तर माझ्याकडे. व्यवस्थापक बाईला म्हटलं, शोधायला माणसं पाठवा. ती म्हणाली, कुणाला, तुम्हाला का?

६.०५
अनोळखी नंबरवरून फोन. हे. पुढच्या यात्रीनिवासातल्या आचाऱ्याच्या फोनवरून. साडेतीनलाच पोहोचले. मी पुढे आहे असं समजून तासभर भराभर चालले, मग म्हणे नाद सोडला आणि मजेत चालले. ‘मजेत’ हा त्यांचा शब्द. गुडघा दुखला नाही. रस्ता चुकला नाही. माझा नंबर तोंडपाठ होता, हे मला आजच कळलं. आवाज भलताच तरतरीत येत होता. आचाऱ्याचा फोन बिघडलेला असणार.
मी म्हटलं, उद्या मी पहाटेच निघते, तुम्ही तिथेच थांबा. पलीकडे भांड्यांचा आवाज, कुणाचं तरी हसणं. मग हे म्हणाले, बघतो.
लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली. हा माणूस मला कधी ‘बघतो’ म्हणालेला नाही. आमच्या घरात ‘बघते’ मी म्हणते, आणि त्याचा अर्थ काय होतो, हे आम्हा दोघांनाही नीट ठाऊक आहे.