चढणाऱ्याच्या खाली कोण?

३ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

शब्दकोशाच्या कचेरीत सध्या माझ्या वाट्याला ‘चढणे’ आलंय. काय चंट शब्द आहे रे! ताप चढतो, पारा चढतो, भाव चढतात, कापडावर रंग चढतो आणि लाडावली की पोरं डोक्यावर चढतात. आमच्याकडे दाखला मनाचा रचायचा नाही, कोणीतरी खरोखर बोललेलं वाक्यच लागतं. आता आपल्या घरात रोज खरंखुरं चढणारा तू एकटा. क्रेन चालवायला शिडीवर चढताना तुम्ही मंडळी काय बोलता, ते कळव. वहिनीला नमस्कार. लोभ आहेच, तो पत्रातूनही दिसू दे.

तुझी,
बडबडी

९ फेब्रुवारी

चि. बडबडीस,
अनेक आशीर्वाद.

शब्द शोधतेस की माझी दुखरी नस? पावसाळ्यापासून मी वर गेलेलो नाही. वाऱ्यात क्रेन हलली, शिडीवरच भोवळ आली, दोघांनी धरून उतरवलं. डॉक्टर म्हणतात, प्रकृती ठणठणीत. पण शिडीला हात लावला की तळवे घामाने भिजतात. तुला कळवू नये म्हणून वहिनीला मीच शपथ घातली होती. सोमवारी नवं काम सुरू होतंय. वर जाणार की नाही, ते त्या दिवशी सांगा, असं मुकादम म्हणालेत. उभा जन्म वर गेला, आता खाली माझा काय उपयोग? आणि चढताना आम्ही बोलत नाही, तेव्हा तुझा दाखलाही बुडाला. माया कमी करू नकोस.

तुझा,
दादा

१४ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मी आपली हौसेने विचारत सुटले. दाखला कचेरी रंगवायला आलेल्या रंगाऱ्याने दिला, ती काळजी सोड. पण माझं डोकं गप्प बसेल तर शपथ! वजन भिंतीपलीकडे उतरवायचं असेल, तर वर बसलेल्याला ते दिसतं कसं? नसेल दिसत, तर खाली कोण उभं असतं? सोमवारी जे होईल ते कळव. चढलास तरी माझा, न चढलास तरी माझाच.

तुझी,
बडबडी

२० फेब्रुवारी

चि. बडबडीस,
अनेक आशीर्वाद.

वरच्याला पलीकडचं दिसत नाही. खालचा माणूस हाताने इशारे देतो, वरचा त्याच्या भरवशावर वजन सोडतो. तुझा प्रश्न रविवारभर डोक्यात घोळत होता.

सोमवारी गेलो. थोडा वर गेलो, तळवे भिजले, उतरलो. सगळ्यांदेखत मुकादमांना सांगितलं की मला भीती वाटते, पण खालून इशारे मी देईन. ते हो म्हणाले.

वर क्रेन चालवायला एक नवी मुलगी होती. लोखंडी तुळई भिंतीपलीकडे न्यायची होती. मध्येच वारा उठला, मी हात आडवा केला, तिने जागच्या जागी थांबवलं. वारा पडल्यावर तुळई अलगद टेकली. वर वारा कसा लागतो, ते मला ठाऊक होतं ना.

सुट्टीत ती खाली आली, तेव्हा तिचेही तळवे ओले होते. मला म्हणाली, “काका, उद्या खाली तुम्हीच असाल ना? तरच मी वर जाईन.”

मी मान हलवली आणि धूळ गेल्याचं निमित्त करून डोळे पुसले. हे वहिनीला सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस. लोभ असाच भरवशाचा राहो.

तुझा,
दादा