इराच्या दाखल्याचा अर्ज

शनिवार, संध्याकाळ

इराला आज मांजरी गावाजवळच्या त्या वेगळ्या शाळेत दिवसभर बसवून पाहिलं. मी मागे बसले होते. ताई अपूर्णांक शिकवत होत्या आणि इरा चक्क मोठ्यांदा म्हणाली, "मला नाही कळलं." ताई म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंस. परत करू या."

"मला नाही कळलं." हे तिच्या तोंडून वर्षभरात ऐकलेलं नाही. कोथरूडला मी शिकवते त्या शाळेत ती माझ्याच वर्गात, चौथीत आहे. तिथे शेजारणीच्या वहीतून गुपचूप उतरवून घेते. कळलं नाही म्हणणाऱ्या मुलांना मी काय बोलते, ते तिने ऐकलंय.

घरी येऊन प्रसादला सगळं सांगितलं. नवऱ्याची पहिली शंका, "स्वतःच्याच शाळेतून मुलीला काढणार? मुख्याध्यापिकाबाई काय म्हणतील?" जरा वेळाने म्हणाला, "मांजरीची बस किती वाजता असते?" म्हणजे तयार आहे!

मी चुकत तर नाही ना? आत इरा आजोबांना फोनवर अपूर्णांक समजावतेय, चुकतेय आणि हसतेय. दाखल्याचा अर्ज लिहूनच टाकला. इतकी वर्षं शाळेच्या कागदांवर शिक्षिका म्हणून सही केली. आज पालक म्हणून केली.