धाब्यावरची काळी माती

रविवार, मे अखेर. संध्याकाळ

दोनदा साबण लावला, बोट अजून काळंच.

पारोळ्याजवळच्या मळ्यातलं जुनं धाब्याचं, म्हणजे सपाट मातीच्या छताचं, घर आमचं इतिहास मंडळ तीन महिने दुरुस्त करतंय. भिंती झाल्या, तुळया झाल्या. मालक आबांची अट एकच: या पावसाळ्यात गळलं तर घर पाडणार. आणि मागच्या रविवारी छतावर माती टाकली कुणाची? माझ्या शेतातली, काळी, कसदार. हट्ट माझाच. वर सगळ्यांसमोर त्या मातीवर भाषणही ठोकलं.

आज चढून बघतो तर भेगाच भेगा. एकीत बोट घातलं, दुसऱ्या पेरापर्यंत गेलं. शेजारच्या मळ्यातल्या अक्का खालूनच म्हणाल्या, "भाऊ, ती वावरनी माटी शे. धाबाले खारी लागस."

खारी! नाल्याकाठची पांढरी माती, जिच्यात काही उगवत नाही, पण छतावर भेगाळतही नाही. लहानपणी दर उन्हाळ्यात वडील गाडीभर आणायचे, घमेली मीच वर द्यायचो. मग विसरलो कसा? म्हणे इतिहास मंडळाचा अध्यक्ष!

लाज वाटली, पण घटकाभरच. चूक सगळ्यांसमोर कबूल केली आणि पाचपर्यंत अर्धं छत खरवडूनही झालं. उरलेलं उद्या. घर गळणार नाही, हे छातीठोकपणे लिहितोय.

निघताना म्हटलं, "अक्का, चांगली खारी कुठं मिळते ते दाखवायला उद्या याल?"

त्यांनी माझ्या काळ्या बोटाकडे पाहिलं.

"येसू. पन भाऊ, भाषन नको करू."