न पळालेली खरबी

प्रिय काकी,

काल तुमचं बारावं झालं. पंगत उठल्यावर तुमच्या दामूनं विचारलं, "दादा, आईनं शेवटी खरबीचं कालवण का नाकारलं?" मी म्हटलं, "भूक नव्हती रे." त्याच्याशीही खोटं बोललो! म्हणून आज लिहायला बसलो.

तुमच्या कळव्याच्या चाळीत भाडेकरू म्हणून आलो, तेव्हा खरबी मी पाहिलीही नव्हती. बोटभर, मातकट, खाडीच्या तळाशी बीळ करून राहणारी मासळी. ओहोटीला तुम्ही गुडघाभर चिखलात उतरायचात, बिळात कोपरापर्यंत हात घालायचात. ना जाळं, ना गळ! मी रोज पूजाअर्चा करणारा, बांधावर सोवळ्यात असल्यासारखा उभा. तुम्ही खालून म्हणालात,

"काय रं भगत, देव काय निस्ता देवलान हाय? चिखलान नाय?"

त्या दिवशी मीही चिखलात उतरलो.

केवढी समज होती तुमच्या बोटांना! एका हाताची चाहूल लागून खरबी बिळाच्या दुसऱ्या तोंडानं पळायची, तिथं तुमचा डावा हात तयार. कधी मात्र हात रिकामाच वर यायचा. मला वाटायचं, निसटली. वीस वर्षांत एकदाही का विचारलं नाही मी?

तुम्ही अंथरुणाला खिळलात आणि कालवणाची इच्छा झाली. मी एकटाच गेलो. पहिल्याच बिळात एक सापडली. पळाली तर नाहीच, उलट बोटांना धडका देत राहिली. किती खूश झालो! बादलीत खाडीचं पाणी घेऊन जिवंत आणली.

"पलाली नाय?"

"नाही काकी, जागेवरच होती."

तुमचा चेहरा उतरला. "अरे, त्यो बापूस हाय. अंडी राखतंय. जो पलत नाय त्याला हात नाय लावायचा. जा, त्याच्या घरान सोरून ये."

तुमचा हात कधी कधी रिकामा का यायचा, ते तेव्हा कळलं. धावत गेलो. भरती चढलेली. बीळ कुठलं दिसतंय! काठालाच सोडून परतलो आणि म्हणालो, "घरात सोडला." तुम्ही हात जोडलेत. त्यानंतर दोनच दिवस राहिलात.

देवापुढे बसलो की ते जोडलेले हात दिसतात. इतक्या दुखण्यात, तोंडाला चव नसताना, एका बोटभर माशाच्या घराची काळजी तुम्हाला कशी सुचली, काकी?

रविवारी दामूला खाडीवर नेईन. त्या बापाला जिथं सोडलं, तिथं उभं राहून सगळं सांगेन: तुम्ही कालवण का नाकारलंत, आणि मी काय केलं. तो माझ्यावर रागावला तरी चालेल. त्याची आई त्याला पुरती कळायला हवी.

तुमचा भाडेकरू,
सदाशिव