पाण्याचा पंप

अप्पा, गेल्या महिन्यात आठ दिवस माझ्या ऑफिसच्या खिडकीबाहेर, कट्ट्यावर, लोणच्याची एक रिकामी बरणी ठेवली होती. तिच्यात डिझेल होतं आणि डिझेलमध्ये रबराची एक चकती बुडवलेली होती. रोज सकाळी मी ती चिमट्यानं काढायचे, फुटपट्टीनं मोजायचे आणि परत टाकायचे. आमचे हिशेब बघणारे काका जाता-येता विचारायचे, "मॅडम, मुरलं का? पोळीबरोबर थोडं आम्हालाही द्या." आठ दिवसांत चकती फुगली नाही, मऊ पडली नाही, तेव्हा कुठे मी हातपंपाच्या खरेदीवर सही केली. साहेब म्हणाले, "अहो, पिंपातून कॅनमध्ये डिझेल काढायचंय, चंद्रावर नाही जायचंय." मी म्हटलं, "सर, एकदा चुकलं होतं." कुणाचं, ते त्यांनी विचारलं नाही.

तुम्हाला जाऊन तेरा वर्षं झाली. तुम्ही ज्या कॉम्प्युटर कंपनीच्या इमारतीत जनरेटर आणि पाणी सांभाळत होता, तसल्याच एका काचेच्या इमारतीची देखभाल आता मी बघते. इथेही मागच्या बाजूला ओट्यावर डिझेलचं पिंप आहे, इथेही लाइट गेली की सगळ्यांच्या माना आधी त्या बाजूला वळतात. मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला असताना सुट्टीत तुमचा डबा घेऊन यायचे, ती जागा मला अजून दिसते. तुम्ही भिंतीवर दोन खिळे ठोकले होते. एकावर पाण्याची हिरवी नळी, दुसऱ्यावर डिझेलची काळी. मोटर बंद असली की गच्चीवरच्या टाकीतून खालच्या पिण्याच्या पिंपात तुम्ही हिरव्या नळीनं पाणी उतरवायचा. नळी आधी पाण्यानं भरून घ्यायची, दोन्ही टोकं अंगठ्यांनी दाबायची, एक टोक टाकीत सोडायचं, दुसरं खाली न्यायचं आणि अंगठा काढायचा. पाणी आपोआप येत राही. मी पुस्तकात वाचलेलं तुम्ही न वाचता करता, याचं मला तेव्हा फार कौतुक वाटलं होतं.

मग तुम्ही काळी नळी काढली, पिंपात घातली आणि दुसरं टोक तोंडात धरून ओढलं. डिझेल ओठांपर्यंत आलं तशी नळी झटक्यात कॅनमध्ये सोडली आणि बाजूला थुंकलात. मी ओरडलेच. "अप्पा, तोंडानं काय ओढताय? ही नळीपण पिंपात बुडवून भरा की, पाण्यासारखी." तुम्ही चूळ भरता भरता म्हणालात, "आन् हात? हात भरत्यात त्यानं. ह्याच हातानं मला पिण्याचं पानी भरायचं हाय."

"साबणानं धुवा."

"डिझेलचा वास साबनानं जात न्हाई, बाळा. पान्याला वास आला तर समदी आधी आपल्याकडंच बगत्याल. तोंडाचं काय, चूळ भरली की झालं." मग म्हणालात, "तुज्या आज्याला गावात हिरीवर पाय ठेवू देत नव्हते. आन् हितं चार मजले मी भरलेलं पानी पित्यात. ह्या पान्याला नाव ठेवाय जागा ऱ्हाता कामा नये." एवढं बोलून तुम्ही डबा उघडलात आणि भाजीत मीठ कमी आहे म्हणालात. घरात पहिली शिकलेली मी. तुम्हाला समजावत बसण्यापेक्षा हात आणि तोंड दोन्ही वाचवील असं काहीतरी आणायचं मी ठरवलं.

म्हणून नोकरी लागल्यावर पहिल्या पगारात मी तुमच्यासाठी हातपंप आणला. नारायण पेठेतल्या एका हार्डवेअरच्या दुकानातून. वर दांडी, खाली नळी. दांडी चार वेळा वर-खाली केली की धार सुरू. हात कोरडे, तोंड मोकळं. तुम्ही वारज्याच्या आपल्या खोलीत बादलीत पाणी घेऊन तो चालवून बघितलात, आईलाही चालवायला लावलात, आणि ती म्हणाली, "आता ह्यांचं त्वांड तरी मोकळं झालं, भांडायला." दुसऱ्या दिवशी तुम्ही तो कामावर नेला. संध्याकाळी मी विचारलं, "कसा आहे?" तुम्ही म्हणालात, "झ्याक चालतोय." पुढे मी दर दोन-चार दिवसांनी विचारत राहिले आणि तुम्ही दर वेळी तेच उत्तर देत राहिलात.

त्या वर्षी लाइट फार जायची. एका दुपारी लिफ्टमध्ये माणसं अडकली आणि जनरेटरच्या टाकीतलं डिझेल तळाला गेलेलं. तुमचे सुपरवायझर वरून ओरडले, "अहो, आतली माणसं काय तिथेच रिटायर व्हायची का?" हे मला नंतर वॉचमनकाकांनी सांगितलं. तुम्ही घाईनं नळी तोंडात धरली, जोरात ओढली आणि ठसका लागला. तरी टाकी भरलीत, जनरेटर चालू केलात, लिफ्ट खाली आली, माणसं निघून गेली. मग तुम्ही ओट्यावर बसलात. डॉक्टर म्हणाले, डिझेल फुप्फुसात गेलंय. मी नऊ दिवस तुमच्या खाटेशेजारी बसून होते. श्वास घेताना तुमच्या गळ्याखाली खड्डा पडायचा, तो मी मोजायचे. दुसरं काही करता येत नव्हतं. तोंडावर मास्क होता, तुम्ही काही बोलू शकत नव्हता, आणि मला तर विचारायचं होतं की पंप असताना तोंडानं का ओढलंत.

उत्तर तुम्ही गेल्यावर वॉचमनकाकांनी पिशवीतून आणून दिलं. डबा, टॉवेल, आणि खोक्यात परत नीट घालून सुतळीनं बांधलेला पंप. दांडी हलत नव्हती. मी तो खोलला तेव्हा आतला रबरी वॉशर भिजवलेल्या हरभऱ्यासारखा फुगून नळीत अडकला होता. तुम्ही तो साबणानं धुतला होता, कडेला साबण वाळलेला होता. काका म्हणाले, "चार-पाच दिवसच चालला. मी म्हटलं, पोरीला सांगा, बदलून आणेल. तर म्हणाले, नको, तिला वाईट वाटंल."

आई खोक्याकडे बघत होती. तिनं विचारलं, "असं कसं झालं?" मी म्हणाले, "दुकानदारानं पाण्याचा पंप दिला. फसवलं." तेव्हापासून तिच्यासमोर कुणी नारायण पेठेचं नाव काढलं की ती त्या न बघितलेल्या माणसाला शिव्या देते.

अप्पा, त्यानं फसवलं नव्हतं. त्यानं पहिला प्रश्न तोच विचारला होता, "कशासाठी हवाय?" माझ्याबरोबर ऑफिसातली एक मैत्रीण होती. तुम्ही कॉम्प्युटर कंपनीत आहात, एवढंच मी तिला सांगितलं होतं. डिझेल म्हटलं असतं तर तिनं विचारलं असतं, कुणाला लागतं? मी म्हणाले, "पाण्यासाठी." तो चष्म्यावरून बघून म्हणाला, "नक्की? यात रॉकेल-डिझेल घातलंत तर वॉशर फुगेल. मग बदलून मागायला यायचं नाही." मी म्हणाले, "नाही नाही, पाण्यालाच." मला ऐकू आलं होतं. वाटलं, दुकानदार असं बोलतातच. नंतर एकटी जाऊन बदलून आणावा, असंही एकदा मनात आलं होतं. पण तुम्ही झ्याक चालतोय म्हणालात, आणि माझी सुटका झाली.

नवा पंप परवा आला. मी स्वतः चालवून दाखवला. आज दुपारी मागे गेले तर आमचा डिझेल बघणारा माणूस नळी तोंडात धरून उभा. तुमच्याच वयाचा असेल, तुम्ही गेलात तेव्हाच्या. पंप खोक्यातच होता. मी म्हटलं, "अहो, हे काय?" तो थुंकून हसला. "ऱ्हाऊ द्या मॅडम, नवा हाय, खराब हुईल." मी त्याच्यावर ओरडले, मग माफी मागितली. तो घाबरला आणि पंप फडक्यानं पुसायला लागला. उद्या तो काय करेल, मला माहीत नाही. मी दिवसभर तिथे उभी राहू शकत नाही.

हे घरी स्वयंपाकघरात बसून लिहिते आहे. आई समोर मेथी निवडते आहे. तिला वाचता येत नाही, म्हणून हे पत्र लपवायची गरज नाही. तुमच्या पंपाच्या खोक्यात ठेवून देईन. आत्ता तिनं विचारलं, "काय लिवतीयास एवढं?" मी म्हणाले, "ऑफिसचं. पंपाचं."

"मग नीट इचारून घे बाई," ती म्हणाली. "त्या मुडद्यावानी कुनी फसवील."

मी म्हणाले, "हो."