टेकून बसायची फळी

आई, आज माझ्या पलंगाला हेडबोर्ड बसला आणि हे मला सगळ्यात आधी तुला सांगायचंय. हेडबोर्ड म्हणजे काय, असं तू विचारणारच. पलंगाच्या उशाकडं भिंतीला लागून जी उभी फळी असते ना, ती. कुणी नुसती लाकडाची करतं, कुणी फोम भरून वरून कापड लावतं. भरे गावातल्या आपल्या घरात एकच बाज होती. तिला ना उसं ना पायथा, ज्याला जिकडं वाटेल त्यानं तिकडं डोकं करावं, आणि तुझ्या वाट्याला तर ती बाजही कधी आली नाही. मी मात्र आता उसं असलेल्या पलंगाची मालकीण झाले आहे. हसू नकोस. तो बसल्यापासून काही ना काही निमित्त काढून मी जिना चढते, त्या कापडावरून हात फिरवते आणि खाली येते.

तुला हे माण गाव आठवतं ते तू मला इथं दिलंस तेव्हाचं, भातखाचरांचं. खाचरं आता राहिली नाहीत. त्या जागी कंपन्या उभ्या आहेत आणि तिथं काम करणारी पोरं आमच्या खोल्यांत भाड्यानं राहतात. घर मजल्यावर मजले चढत गेलं, पण त्यात मला खोली नव्हती. उजेडाच्या खोल्या भाड्याला, एक लेकाची नि सुनेची, आणि मी बाहेरच्या खोलीत दिवाणावर, जिथं तुझे जावई बातम्या लावून बातम्यांपेक्षा मोठ्यानं घोरतात. उन्हाळ्यात वरच्या मजल्यावरचा भाडेकरू नोकरी बदलून बंगळूरला गेला. दुसरा दारात उभाच होता. जेवताना मी म्हणाले, ही खोली मी घेते. मी सातबाऱ्यावर नाव मागितलं असतं तरी सगळ्यांनी माझ्याकडं तसं बघितलं नसतं. तुझे जावई म्हणाले, "कशाला? हितं काय कमी हाय तुला?" मग मी सांगितलं की पाठ फार दुखते, दिवाणावर निजवत नाही. पाठदुखीपुढं कोण काय बोलणार? पण माणूस पक्का. "बरं, पाठ बरी हुईस्तवर ऱ्हा. दिवाळीनंतर भाडेकरू बघू," म्हणाले. म्हणजे खोली मिळाली ती औषधासारखी, दुखणं संपलं की बंद.

तेव्हाच मी मनाशी ठरवलं की हेडबोर्ड घ्यायचा आणि तोही भिंतीला ठोकलेला. नुसता पलंग काय, दोन माणसं उचलून कुठंही नेतील. भिंतीत बोल्ट गेले की ती खोली कुणाची ते ठरतं. सून कंपनीत नोकरी करते, तिनं माझ्यासाठी रजा काढली आणि आम्ही दोघी हिंजवडीच्या रस्त्यावरची दुकानं पालथी घातली. आई, बैल पारखणं सोपं गं! शोभेला हवा की टेकायला, इथूनच सुरुवात. शोभेचे दिसायला फार सुरेख, पण नक्षी पाठीत रुतते. कुणाला बटणं ठोकलेली, त्यांच्या खळग्यांत धूळ बसणार. रेक्झिन पुसलं की स्वच्छ, पण वैशाखात पाठीला चिकटणार. मी प्रत्येकाला धरून हलवून बघत होते, डुगडुगला की पुढं. दुकानदार म्हणे, कुठल्याही भिंतीला लावा. त्याला आपल्याकडचा पाऊस ठाऊक नव्हता. मी त्याला समजावलं की बाबा, पश्चिमेची भिंत आषाढात घामेजते, तिला कापड लागलं की श्रावणापर्यंत बुरशी. पूर्वेला दार, उघडताना फळीवर आदळणार. उत्तरेला डोकं करून जिवंत माणूस निजत नाही. राहिली दक्षिण, तर तिथं दिव्याची बटणं, म्हणजे उंची जपायला हवी. आणि भिंत कितीही कोरडी असली तरी फळीच्या मागं दोन बोटं फट ठेवायची, वारा खेळायला. तयार असलेल्यातला एकही या सगळ्यात बसेना. शेवटी तिथून नुसतं कापड घेतलं आणि शेजारच्या चांदे गावातल्या सुताराकडं काम दिलं.

कापडावरून मात्र आमची जुंपली. सून म्हणाली, गडद तपकिरी घेऊ, तुम्ही डोक्याला तेल लावता, डाग पडणार. मी मोतिया रंगावर बोट ठेवलं. "आई, ह्याच्यावर डाग लगेच दिसेल," ती म्हणाली. "दिसू दे," मी म्हणाले. का, ते मला त्या दुकानदारासमोर सांगता येईना.

तुला सांगते. तू मला कधी टेकून बसू दिलं नाहीस. मी शाळेतून येते, ओसरीत आबा भाताच्या पोत्याला रेलून सुपारी कातरत बसलेत, मी त्यांच्यासारखीच भिंतीला पाठ लावते आणि चुलीपुढून तुझा आवाज येतो, "सरळ बस. भिंतीला पाठ लागली की हात गळत्यात." बापाचे हात गळत नव्हते का, असं विचारायची माझी टाप नव्हती. बाईमाणसानं टेकायचं नाही, वडीलधाऱ्यांपुढं तर नाहीच नाही, हा नियम. लावणीच्या दिवसांत चिखलात वाकून वाकून तुझी कंबर मोडलेली असायची, तरी भाकरी थापताना तू ताठ. माझ्या पाठवणीच्या वेळी रडता रडता तू कानाशी आलीस, मला वाटलं आता काहीतरी मायेचं बोलशील. तू म्हणालीस, "सासरी टेकून बसू नगंस." नाही बसले. सासू गेली, सासरे गेले, मी स्वतः सासू झाले, तरी नाही बसले. सून पलंगावर भिंतीला टेकून, मांडीवर लॅपटॉप घेऊन काम करते, ते बघून पहिल्या वर्षी माझ्याच पाठीवर काटा यायचा.

आणि रोज दुपारी सगळ्यांची जेवणं झाली की तू सूप घेऊन कणगीच्या खोलीत जायचीस. "तांदूळ निवडून येते," म्हणायचीस आणि दार लोटून घ्यायचीस. आम्हा पोरांना तिथं बंदी, धान्याला नजर लागते म्हणे. एकदा जेवता जेवता आबा म्हणालेही होते, "आपल्याच खाचरातला भात, त्यात रोज इतकं खडं येत्यात कुटनं?" तू त्यांना ताक वाढलंस.

तू गेल्यानंतरच्या दिवाळीत वहिनीला चुना मारू लागायला मी आले होते. आम्ही दोघींनी मिळून कणगी सरकवली, तर मागच्या भिंतीवर एक गोल, काळपट, तुकतुकीत डाग. जमिनीवर बसलेल्या माणसाचं डोकं जिथं येईल, तिथं. वहिनी म्हणाली, "हितं तेल कुणी सांडलं?" भिंतीवर कधी तेल सांडतं का? आम्ही चुन्याचा हात मारला, वाळल्यावर डाग वर आला. परत मारला, परत वर. वहिनी पाणी आणायला गेली तेव्हा मी तिथं खाली बसले आणि पाठ टेकून बघितली. माझं डोकं बरोबर त्या डागावर आलं. तुला सांगते आई, तू गेल्यापासून मी पहिल्यांदा हसले ती तिथं, कणगीच्या मागं, एकटीच. मग रडले. मग पुन्हा हसले. टेकत होतीस की तू! इतकी वर्षं, रोज, आम्हाला सगळ्यांना सरळ बसवून! आम्ही कणगी होती तिथं सरकवून ठेवली. आता भावानं तिथं नवं घर बांधलंय, ती भिंतही नाही आणि डागही नाही.

तर माझ्या फळीचं ऐक. माप घ्यायच्या दिवशी सून म्हणाली, टेकून बसा, डोकं कुठं येतं तिथं खूण करते. मी बसले, तिनं पेन्सिलीनं खूण केली. आज सुतारानं फळी भिंतीला धरून बघितली, तर दिव्याची बटणं निम्मी झाकली. तो चक्रावला. "काकी, माप कुणी दिलं? टेकलेल्या माणसाचं डोकं येवढं वर कसं यील?" सून माझ्याकडं बघायला लागली आणि मी खिडकीबाहेर. माप देताना मी टेकलेच नव्हते गं. भिंतीपासून वीतभर पुढं, ताठ, फोटोला बसतात तशी बसले होते, आणि माझं मलाच कळलं नव्हतं. सुतार बिचारा चांगला. त्यानं फळी गादीच्या मागं खाली सरकवली, बटणं मोकळी झाली, दोन बोटांची फट धरली आणि ड्रिल चालू केलं.

तो आवाज ऐकून तुझे जावई वर आले. भिंतीतली भोकं बघून त्यांचा चेहरा उतरला. "भाडेकरूला हे कशाला लागतंय?" म्हणाले. मी तोंड उघडायच्या आत सून म्हणाली, "बाबा, पाठीचं दुखणं असं दिवाळीपर्यंत जात नसतं. आईंना ही खोली कायमचीच लागणार." अगदी साध्या आवाजात म्हणाली. ते बोल्टांकडं बघत राहिले, एकदा हातानं फळी हलवून बघितली. हलली नाही. "पक्कं बसवलंय," एवढंच म्हणाले आणि सुताराला चहाला खाली घेऊन गेले.

सून मागं थांबली. तिनं उशी नीट केली आणि म्हणाली, "चहा मी टाकते. तुम्ही टेका आता." दारापाशी जाऊन परत वळली. हसू दाबत म्हणाली, "आणि आई, बाबांसमोर अधूनमधून जरा कण्हत जा." दार लोटून घेतलं आणि गेली. म्हणजे तिला कधीपासून ठाऊक होतं, देव जाणे.

मग मी टेकले. आधी नुसते खांदे, मग पाठ, मग डोकं. काही गळून पडलं नाही गं. हात जागच्या जागी आहेत, हे बघ, त्याच हातांनी हे लिहिते आहे. सकाळी मुद्दाम डोक्यावर तेल थापलं होतं, मोतिया कापडावर आताच जरासा ओलसर गोल उमटलाय. त्याच्यापुढं मी काहीही सरकवून ठेवणार नाही.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही. फळीच्या मागं ती दोन बोटांची फट आहे, तिथं सारून देईन. फक्त तुझ्यापाशी कबूल करते, माझी पाठ दुखत नाही. कधीच दुखत नव्हती. आणि तुझ्या सुपातले तांदूळ आधीच निवडलेले असायचे, व्हय ना?