पवळीचं पहिलं वेत

ता. ४ मार्च १९४६, सोमवार

रजेचे नऊ दिवस गेले. एकोणीस उरले. तेवढ्यात साताऱ्याच्या कचेरीत जाऊन कळवायचं आहे — पलटणीतून नाव काढायचं, की आणखी तीन वर्षं वाढवायची. घरात सगळे धरूनच चाललेत की मी राहणार. मीही तसंच बोलतो. पण इथं करू काय?

शाळू काढणीला आलाय. आज आकारामच्या बरोबरीनं पात धरली. दुपारपर्यंत तळहाताला फोड! धाकटा भाऊ, पण हसला. "दादा, तू ऱ्हाऊ दे गड्या. गोठ्याकडं बघ. पवळी आठ दिसांत व्यायाची हाय." म्हणजे म्हाताऱ्या माणसाचं काम माझ्याकडं.

ता. ५

मी भरती झालो तेव्हा राही अंजनाच्या पोटात होती. आता चार वर्षांची झाली. मी दारात आलो की आजीच्या पदरात शिरते.

आज मी परड्यात होतो, तिला दिसलो नाही. अंजनाला विचारत होती — "आये, त्यो शिपाई कवा जानार?"

अंजना काय म्हणाली ते ऐकायला मी थांबलो नाही.

ता. ७

गोठा धुतला. चुना मारला. माश्या बसायच्या बंद झाल्या. आई बघून म्हणाली, "आरं, गोठा हाय का दवाखाना?"

मी म्हटलं, इटलीत चाळीस खेचरं माझ्या ताब्यात होती, एकाच्याही खुराला कीड लागली नाही!

"व्हय, पर तुजं खेचर कवा व्यालं का?"

सगळे हसले. राहीसुद्धा. मला हसू आलं नाही. खरंच आहे ते. चार वर्षं जनावरांत काढली, मरताना किती पाहिली त्याची गणती नाही, जन्मताना एकही नाही. लहानपणी गाय अडली की आम्हा पोरांना हाकलूनच लावायचे.

ता. १०, रविवार

चैन नाही. बसलो की उठावंसं वाटतं. दर घटकेला गोठ्यात. पवळीची कास भरलीय, पुठ्ठे खचलेत. पहिलारू आहे, जरा खुट्ट झालं की बुजते.

हे वेत मी एकट्यानं पार पाडणार. कुणाला हाक मारणार नाही. नीट झालं तर राहीन इथं. नाही तर मी या घराच्या कामाचा नाही. बस्स, ठरलं!

ता. १२

व्याली! सकाळी नऊला. सगळे रानात, आई ओढ्याला धुणं घेऊन गेलेली. कालवड! जरा ओढावी लागली. पवळी चाटायला वळली, पण मी कालवड बाजूला घेतली — ती सगळी घाण गाईच्या पोटात कशाला? गरम पाणी, पलटणीतला कारबोलिक साबण, टॉवेल. चकाचक केली. वार पडली तीही लांब खड्डा खणून, वर चुना घालून पुरली. मग कालवड पवळीपुढं ठेवली आणि सलामी घेणाऱ्या सुभेदारासारखा बाजूला उभा राहिलो.

पवळीनं हुंगलं. आणि ढुशी दिली!

कासेला लावली तर लाथ. पुन्हा लावली, पुन्हा लाथ. कालवड भेलकांडून पडली.

तेवढ्यात आई आली. कालवडीच्या पाठीला नाक लावून तिनं माझ्याकडं बघितलं. "काय केलंस ह्ये? लेकराच्या अंगावर आईचा वास ऱ्हाऊ दिला न्हाईस. आता तिनं वळखायचं कशावरनं? आन् वार कुटं हाय?"

"पुरली."

"आरं, वडाला बांधत्यात ती, दूध वाढावं म्हून! पुरत्यात व्हय?"

मी साबणाची वडी हातात घेऊन तसाच उभा.

ता. १३

आईनं कालवडीला मीठ आणि कोंडा चोळला. पवळीनं दोनदा जीभ फिरवली आणि तोंड वळवलं. पाय बांधून वाटीभर चीक काढला, बोटानं कालवडीला चोखवला. चोखते, पण जोर नाही. कान गार पडलेत. मेली तर माझ्या हातानं मेली!

मी जवळ गेलो की पवळी थरथरते. शेवटी आई म्हणाली, "तू सर बाजूला. बुजतीया ती तुला." रागानं नाही म्हणाली. साधंच म्हणाली. म्हणून जास्त लागलं.

ता. १४, गुरुवार

उंब्रजहून मोटारीनं साताऱ्याला जाऊन आलो. घरी सांगितलं, बुटाला टाचा मारायच्या होत्या.

ता. १५

कालवड उठत नाही. आई थकत नाही — मीठ, चीक, पुन्हा मीठ. राही कालवडीचं डोकं मांडीवर घेऊन बसलीय. लाथ लागेल, सर, म्हटलं. ऐकलं नाही. मग मीही उंबऱ्यावर बसलो. ती पळाली नाही. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघं तिथंच. 

ता. १६

दुपारी रानात शाळू गोळा करत होतो. बांधावरून राही पळत आली. "आबा! आबा! पवळीनं घितली तिला!"

माझा हात धरून ओढत नेलं. मला, आकारामला नाही! गोठ्यात पवळी कालवडीला चाटत होती — मान, पाठ, शेपूट, पुन्हा मान. आणि कालवड उभी, कासेला ढुशा देत, तोंडाला फेस. आई भिंतीला टेकून बसलेली, मिठानं दोन्ही हात पांढरे. मला हुंदका आला, तो मी आवरला नाही.

अंजना हसत म्हणाली, "आबा म्हनाली न्हवं पोरगी? आता तुमी काय कुटं जात न्हाई."

ता. १७, रविवार. होळी

राही मांडीवर बसून विचारते — आबा, कालवडीला काय म्हनायचं?

गुरुवारी साताऱ्यात मी तीन वर्षांवर सही करून आलोय. पुढच्या रविवारी हजर व्हायचं. घरात अजून कुणाला सांगितलेलं नाही.